शेंडा त्याचा, बुंधा तिचा

अक्षर वाकडं आहे आणि वेलांट्या कुठल्या कुठे पडल्या असतील, त्याबद्दल आधीच माफी मागते. माझी शाळा चौथीला संपली. त्यानंतर हातात पेन आलं ते नोटिशीच्या मागे ‘समक्ष बजावली’ एवढे शब्द लिहिण्यापुरतं. वाचनालयाच्या बाईंनी दिवाळीच्या हस्तलिखितासाठी “तुमच्या कामाबद्दल लिहा” म्हणून ही वही आणून दिली. मी नको म्हटलं आणि वही मात्र ठेवून घेतली. घरातली माणसं कामावर गेली की पडवीत बसून लिहिते. अजून कोणाला सांगितलेलं नाही. बाईंना द्यायचं की नाही ते लिहून झाल्यावर बघेन. दिलं तर माझं नाव घालू नये. बाकीच्यांची नावं मी बदलली आहेत, पण वाडीतल्यांना कळायचं ते कळेलच.

मी आमच्या गावची कोतवाल. आता सरकारने आमचं नाव महसूल सेवक केलं आहे, पण गावात कोतवालच म्हणतात. कलेक्टर, तहसीलदार, सर्कल, तलाठी अशी पायऱ्यांची उतरण आहे, त्यातली सगळ्यात खालची पायरी आमची. नोटीस पोचवायची, पंच बोलवायचे, मोजणीला फितीचं टोक धरायचं, साहेब आले की वाट दाखवायची. सासरे हे काम करत. त्यांच्या मागे घरातून कोण, असा प्रश्न आला तेव्हा आमचे हे गवंडीकाम सोडायला तयार नव्हते. चौथी पास चालते असं कळलं आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले.

कोतवालाने दवंडी द्यायची असते. मला तर चारचौघांत पाणी मागायला लाज वाटते. पहिल्याच दवंडीला मी देवळाकडच्या चौकात उभी राहिले, तोंड उघडलं आणि खोकला आल्याचं सोंग करून परत आले. मग मी घरोघर जाऊन सांगायची पद्धत पाडली. तलाठी भाऊसाहेब म्हणाले, “अहो, दहा मिनिटांच्या कामाला दिवस लावता.” दिवस लागायचा हे खरं. पण कोणाच्या घरी कोण आजारी, कोणाचं दार बंद, हे मला माहीत असायचं.

कोतवालाचं खरं काम दिसतं ते वादळानंतर. वादळ येऊन गेलं की सरकारी मदत येते, पण ती वाऱ्यावरून येत नाही, पंचनाम्यावरून येते. पंचनामा म्हणजे तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक यांनी जागेवर जायचं, पडलेली झाडं मोजायची, मालकाला झाडाशेजारी उभं करून फोटो काढायचा, दोन पंचांच्या सह्या घ्यायच्या. जे कागदावर आलं ते पडलं, जे आलं नाही ते पडलंच नाही. हे लोकांना पटवणं फार कठीण जातं. समोर आंब्याचं कलम उताणं पडलेलं असतं आणि सातबारावर नावं असतात अकरा, त्यातली नऊ मुंबईला. एका चाकरमान्याने मला फोनवर व्हिडिओ लावायला सांगितला आणि तिकडून हाका मारत सुटला, “थयसर नाय, डावीकडे! त्या फणसाच्या मागे! तो माझो!” मी फोन धरून फणसाच्या मागे गेले तर तिथे त्याच्या चुलतभावाचा कुत्रा सुटला. फोन पडला, फोटो आला तो माझ्या पळणाऱ्या पायांचा.

हसण्यासारखं असं थोडं असतं. आता लिहिते ती गोष्ट हसण्यासारखी नाही.

आमची वाडी उतारावर आहे. वरच्या टप्प्यात इंदूकाकीची माडाची बाग आणि घर, मध्ये दगड रचून केलेला गडगा, गडग्याखाली बाबलभावजींचं घर, अंगण, गोठा. इंदूकाकी एकटी. काका जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही. बागेवरच तिचं चालायचं. बाबलभावजी म्हणजे दोन म्हशी, थोडी शेती आणि मोठा आवाज. त्यांची बायको सुनंदा माझ्या माहेरच्या गावची. आम्ही दोघी लग्नाआधी धामापूरच्या तळ्यावर एकत्र गेलेल्या, त्यामुळे तिच्याशी बोलताना मला लाज वाटत नाही. बाबलभावजी रोज सकाळी काकीला गडग्यावरून दुधाचा लोटा द्यायचे. पैसे घ्यायचे नाहीत.

पडलेल्या झाडाची आमच्याकडे एक जुनी रीत आहे, ती सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. एकाचा माड दुसऱ्याच्या आवारात पडला तर शेंडा ज्याच्या आवारात पडला त्याचा आणि बुंधा मालकाचा. शेंड्याबरोबर नारळ आले, झावळं आली. त्याच्या अंगणाची नासधूस झाली, साफसफाई त्याला करावी लागणार, त्याची ती भरपाई. बुंधा मालकाने न्यायचा, कारण वासे, पन्हळी, जळण सगळं बुंध्याचं होतं. यावरून आमच्या वाडीत कधी भांडण झालेलं मी ऐकलं नाही. उतारावर राहणाऱ्यांना असं काहीतरी लागतंच.

मे महिन्यात झालेल्या त्या वादळात वारा खाडीकडून आला आणि काकीचे माड ओळीने गडग्यावरून खाली झोपले. मुळासकट. बाबलभावजींच्या अंगणात पाय ठेवायला जागा उरली नाही आणि गोठा साफ बसला. म्हशी रानात होत्या म्हणून वाचल्या. काकीच्या घराची कौलं उडाली आणि दार अंगावर येऊन तिचा हात मोडला. तिला कणकवलीच्या दवाखान्यात नेलं आणि तिथेच राहणारी तिच्या बहिणीची मुलगी तिला आपल्या घरी घेऊन गेली. हात सांधेपर्यंत ती तिथेच राहिली.

नुकसान इतकं होतं की आमच्या भाऊसाहेबांना एकट्याने गाव होईना. बाहेरच्या तालुक्यातून दुसरं पथक आलं. मी भाऊसाहेबांबरोबर खाडीकडच्या वाडीत होते आणि आमच्या वाडीत ते नवीन पथक गेलं. भली माणसं होती, उन्हात उपाशीपोटी फिरत होती. बाबलभावजींच्या अंगणात येऊन त्यांनी विचारलं, “तुमच्या आवारात किती माड पडले?” भावजींनी मोजून सांगितले. प्रश्न जसा आला तसं उत्तर गेलं. पंचांनाही त्यात वावगं दिसलं नाही, कारण आवारात पडलेल्या माडाबद्दल बोलायचा पहिला हक्क आवारवाल्याचाच, असं सगळे लहानपणापासून धरून चाललेले. गोठ्याचं भावजींनी विचारलं तेव्हा पथकातला एक जण म्हणाला, “एकाच कारणाचं नुकसान आहे, झाडांतच येईल ते.” मग ते वर काकीकडे गेले. बागेचं बेडं, म्हणजे आमच्याकडचं बांबूचं फाटक, दोरीने बांधलेलं होतं. घराला कुलूप. ते परत फिरले.

असे काकीचे माड भावजींच्या नावावर पडले.

पैसे आले दिवाळीच्या सुमारास. तोवर काकी परतली होती. डाव्या हाताची बोटं नीट मिटत नव्हती आणि घरावर ताडपत्री होती. तिच्या खाली तिने उरलेला पावसाळा काढला होता. ग्रामपंचायतीत नावं लागली तेव्हा ती मला घेऊन गेली. मी तीनदा वाचलं.

“माझा खंय गो?”

“नाय हा काकी.”

“नीट बघ. चश्मो पूस.”

मी चष्मा पुसला. नाव नव्हतंच. काकी घराकडे वळली. वाटेत गडग्याशी थांबून खाली बघत राहिली. भावजींच्या नव्या गोठ्यावर निळे पत्रे चढले होते.

काकीने तहसीलला अर्ज दिला. संक्रांतीनंतर सर्कलसाहेब आले. त्यांना फार शोधावं लागलं नाही. माड तोडून नेला तरी उपटलेला गड्डा जागेवर राहतो. गडग्याच्या वर गड्डेच गड्डे होते, रिकामे खड्डे होते. साहेबांनी फोटो काढले आणि भावजींना विचारलं, “हे माड कोणाच्या जागेतले?” भावजी म्हणाले, “तिच्या. मी खंय नाय म्हणतंय? माका तेंनी इचारल्यानी आवारात किती पडले, मी सांगितलंय.” साहेब म्हणाले, “तुम्ही खोटं बोललात असं मी लिहिणार नाही. पण पैसे भरावे लागतील.” काकीच्या घराचं मात्र आता काही करता येत नव्हतं. किती कौलं उडाली त्याचा पुरावा काय उरणार?

हुकूम आला तो असा, की बाबल यांनी रक्कम सरकारजमा करावी. ती जमा झाली की तेवढीच रक्कम इंदूकाकीला मिळेल. एकाच झाडाचे पैसे दोनदा निघत नाहीत. आणि बाबल यांनी मुदतीत भरले नाहीत, तर त्यांच्या सातबारावर बोजा चढेल. बोजा म्हणजे सरकारचं येणं जमिनीवर लिहिलं जातं. तो चढला की सरकार निवांत होतं, कधी ना कधी वसूल होईल म्हणून. काकीचे पैसे मात्र तोवर अडकून राहतात. सरकारला घाई नसते. घाई पावसाला असते.

त्याच सुमारास तळेऱ्याहून एक माणूस पांढऱ्या गाडीतून काकीकडे यायला लागला. मुंबईच्या कोणाला तरी खाडी दिसेल अशी जागा हवी होती. तो काकीला आई म्हणायचा आणि येताना केळी आणायचा. मी एकदा गेले तेव्हा तो ओट्यावर बसून सांगत होता, “आई, अक्षय तृतीयेचा दिवस चांगला. इसार घ्या, पावसाच्या आत स्लॅब पडेल तुमच्या डोक्यावर.”

तो गेल्यावर मी म्हटलं, “काकी, बाग विकल्यार खातलस काय?”

“नि नाय विकल्यार निजतलंय खंय? ह्या ताडपत्रेच्या बुडात? आणखी एक पावस काढलंय तर माका उचलूक तुमकाच येवचा लागात.”

“पैसे येतले. हुकूम झालो हा.”

“हुकूम कौलार घालू?” मग म्हणाली, “तुझ्या काकांनी लावलेले माड गो ते. जे उभे आसत त्या माडांचे पण पैशे मोजता तो केळेवालो. अक्षय तृतीयेपर्यंत बघतंय. मगे सही करतंय.”

नोटीस पोचवायचं काम माझं.

पहिली नोटीस घेऊन गेले तेव्हा भावजींनी मला बसवलं. सुनंदाने कोकमाचं सरबत दिलं. भावजींनी कागद उलटा सुलटा केला, सही केली आणि तो आरशामागे खोचला. “बस गो वयनी, उन्हातून इलस. सरकाराक काय काम नाय, तुका फिरवतत.”

दुसरी नोटीस घेऊन गेले तेव्हा त्यांनी सही केली नाही. म्हणाले, “माझ्या गोठ्यार माड पडले. गोठ्याचे म्हणान एक पैसो मिळाक नाय. झाडांतच येयत म्हणाले, झाडांत इले, मी पत्रे घातलंय. आता काय पत्रे काढून देऊ? ह्यात माझा चुकला काय, सांग.”

गोठ्याचं त्यांचं खरंच होतं.

“तसां नाय भावजी, पण काकी...”

“काकीचा माका सांगू नको. तिका दूध कोण देय? तू देयस? ने तुझो कागद. माझी म्हस पण तेका तोंड लावची नाय.”

त्या दिवसापासून गडग्यावरचा दुधाचा लोटा बंद झाला. सुनंदा विहिरीवर मला बघून घागर अर्धीच भरून निघून जायला लागली. मला ते फार लागलं. माझ्या सासरी माझं माहेरचं माणूस ती एकच.

चैत्र संपत आला. तिसरी नोटीस शेवटची होती. माणूस घेत नसेल तर ती दोन पंचांसमोर त्याच्या दारावर डकवायची असते. भाऊसाहेब म्हणाले, “उद्या डकवून अहवाल द्या. मुदत अक्षय तृतीयेच्या आदल्या दिवशी संपते.” मग माझ्याकडे बघून म्हणाले, “मी येऊ का बरोबर?” त्यांना तालुक्याला मीटिंग होती हे मला माहीत होतं. मी नको म्हटलं. म्हटलं आणि रात्रीच खळ शिजवून ठेवली.

पंच मिळेनात. मी वाडीत घरोघर फिरले. एकाचं डोकं दुखत होतं, एक कुडाळला निघाला होता, एकाने मला बघून आतूनच सांगितलं की तो घरात नाही. शेवटी निवृत्त पोस्टमन अण्णांकडे गेले. ते अंगणात कोकमाची सोलं वाळत घालत होते.

“माका काय नवा नाय ह्या,” अण्णा म्हणाले. “मनीऑर्डर घेऊन गेलंय तर चाय, तार घेऊन गेलंय तर तोंड फिरवतत. चल.”

दुसरे गिरणवाले तातू. ते म्हणाले, “येतंय. पण बाबलाचा दळाप गेला तर तू भरून देतलस?”

“मी माझा महिन्याचा दळाप दोनदा करून घेतंय,” मी म्हटलं. तातू हसले आणि आले.

आम्ही गेलो तेव्हा भावजी पायरीवर बसून कोयता घासत होते. सुनंदा अंगणात झावळं विणत होती. माझ्या हातात खळीचा डबा आणि कागद.

“या, या!” भावजी मोठ्याने म्हणाले. “वरात इली! पोस्ट इला, गिरण इली, सरकार इला. बाजो खंय हाडलास?”

“बाबल, नोटीस घे नि मोकळो हो,” अण्णा म्हणाले.

“घेवचंय नाय. डकव वयनी, माझ्या दारार डकव. गणपतीच्या वेळाक माटवी बांधतंव, तशी आजूबाजूक फुलां पण लाव. येणारो जाणारो बघूंदे बाबल चोर म्हणान.”

“चोर कोणी म्हणाक नाय,” तातू म्हणाले.

“मगे ह्या काय? दारार काय लग्नपत्रिका डकवतत?”

मी दाराशी गेले. खळ लावली. कागद नीट बसेना, एक कोपरा सारखा सुटत होता. मागे भावजी बोलतच होते. सरकार, सर्कल, काकी, मी, सगळ्यांना बोलून झालं. कोपरा दाबून धरताना मला दाराच्या बाजूने गोठ्याचं आतलं छप्पर दिसलं. निळ्या पत्र्यांखाली नवे वासे होते. माडाचे वासे. काळपट, दाट रेषांचे, जुन्या झाडाचे. भावजींच्या आवारात त्यांचा स्वतःचा एकही माड पडला नव्हता.

मी एवढा वेळ एक शब्द बोलले नव्हते. काही बोलायचं ठरवूनही आले नव्हते. तोंडातून निघून गेलं.

“भावजी, काकीचे बुंधे खंय गेले?”

कोयता घासायचा थांबला.

“काय?”

“शेंडे तुमचे. बुंधे तिचे. ती हात मोडून कणकवलेक होती. बुंधे खंय आसत?”

भावजींचा चेहरा मला आठवतो. नोटिशीला त्यांच्याकडे उत्तर होतं, सर्कललाही होतं. सरकारने काही म्हटलं तरी ते सरकारचं म्हणणं. हे वाडीचं होतं.

सुनंदाने विणता विणता मान वर केली आणि गोठ्याकडे बोट केलं. “ते काय. डोक्यार.”

“तू गप!”

“मी गपच आसंय. वरीसभर गपच आसंय.” तिने झावळं बाजूला टाकलं. “मी तेवाच म्हटलंय, म्हातारेक येवंदे, इचारून घेवया. तर म्हणतत, पडून कुजतले.”

“कुजतलेच होते!” भावजी म्हणाले, पण आवाज नेहमीचा नव्हता. “ती हय नव्हती. म्हशी उन्हापावसात बांधू? इचारूक कोणाक जाऊ?”

“कणकवली काय इलायत आसा?” अण्णा म्हणाले. एवढंच. ओरडून नाही.

भावजी उठले. मला वाटलं कागद फाडणार. त्यांनी सुटलेला कोपरा अंगठ्याने दाबला, चिकटला का बघितलं आणि म्हणाले, “झाला तुझा काम? मगे जा.”

पंचांच्या सह्या मी गडग्यावर वही ठेवून घेतल्या. वर काकी बेड्याशी उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. तिने मला हाक मारली नाही आणि मीही वर गेले नाही.

पुढचे दिवस मी मोजत नव्हते म्हणाले तर ते खोटं होईल. रोज सकाळी दार उघडलं की पहिल्यांदा खाली बघायची. नोटीस दारावर तशीच. भावजी येत जात. पांढरी गाडी एकदा येऊन गेली. त्या माणसाने काकीला कागदाचा मसुदा ठेवून दिला आणि केळ्यांबरोबर पेढेही आणले. काकीने पेढे मला दिले. “माका गिळवत नाय,” म्हणाली. दक्षिणेकडे ढग जमायला लागले होते. संध्याकाळी विजा चमकायच्या. ताडपत्रीला उन्हाने भेगा पडलेल्या, वारा आला की ती फडफडायची आणि तो आवाज आमच्या घरापर्यंत यायचा.

मुदतीच्या दोन दिवस आधी मी तलाठी कार्यालयातून परत येत होते. वाटेत एक टेम्पो समोरून आला. मी बाजूला झाले. मागे दोन म्हशी. एकीच्या कपाळावर पांढरा चांद होता. टेम्पोमागून भावजी चालत येत होते, फाट्यापर्यंत पोचवायला. टेम्पो हळू चालला होता, तरी त्यांना गाठता येत नव्हतं. मी वाकून चपलेचा अंगठा नीट केल्यासारखं केलं.

घरी न जाता मी काकीकडे गेले. तिला आधीच कळलं होतं. ती गडग्याशी बसली होती.

“चांदीक विकल्यान,” ती म्हणाली. “लहान होती तेवा माझ्या बागेत घुसायची. मी काठयेन मारी.” मग खाली रिकाम्या गोठ्याकडे बघून म्हणाली, “माका असा नको होता गो.”

मी म्हटलं, “तुका छप्पर व्हया होता.”

“व्हया होता. म्हणान काय म्हशी व्हयो होत्यो?”

दुसऱ्या दिवशी सकाळी भावजी आमच्या अंगणात आले. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. धुतलेला सदरा, काखेत पिशवी. पायरी चढले नाहीत.

“वयनी, चलान कसा भरतत?”

मी पदर खोचला आणि निघाले. एसटीत ते पुढे बसले, मी मागे. मालवणला तहसील कचेरीत बाबूने चलन भरून दिलं. भावजींनी सही केली, नावाखाली रेघ ओढली. मग बँक. रांगेत त्यांच्यापुढे एक बाई पेन्शन घ्यायला उभी होती. तिला त्यांनी आपल्या आधी जागा दिली, मग आणखी एकाला दिली.

पिशवीतून त्यांनी नोटा काढल्या. म्हशींचे पैसे होते आणि वर सुनंदाच्या बचत गटाचे. कॅशियरने मशीनमध्ये घातल्या. एक नोट परत आली. “ही फाटकी आहे, दुसरी द्या.” भावजींनी पिशवी उलटी केली. पिशवीत काही नव्हतं. माझ्याकडे एसटीच्या परतीचे आणि तांदळाचे पैसे होते. मी नोट काढली. ते म्हणाले, “नको,” आणि सदऱ्याच्या आतल्या खिशातून घडी घातलेली एक नोट काढून ठेवली. कॅशियरने शिक्के मारले, एक प्रत ठेवून दुसरी सरकवली.

भावजींनी ती माझ्यासमोर धरली. “वाच गो. पुरे झाले काय?”

मी हळूहळू वाचलं. आकडा वाचला, अक्षरी वाचला. “पुरे झाले.”

“आता काकीक मिळतले?”

“कागद आजच वर जातलो. भाऊसाहेब म्हणाले, पावसाच्या आत.”

बाहेर पायऱ्यांवर ते थांबले. उन्हामुळे डोळे बारीक केले होते. “नि माझ्या गोठ्याचा? तो पडलो होतो मा? पडलो नव्हतो?”

“पडलो होतो.”

“मगे?”

मी त्यांना सांगितलं की गोठ्याची नोंद तेव्हाच व्हायला हवी होती, आता अर्ज घेत नाहीत. मी भाऊसाहेबांना विचारलं होतं, सर्कलसाहेबांनाही विचारलं होतं. ते ऐकून त्यांनी मान हलवली. खरं तर त्यांनी मला चार शब्द बोलायला हवे होते, माझी तयारी होती.

एसटीला वेळ होता. ते नंतरच्या गाडीने येतो म्हणाले आणि बाजाराकडे निघाले, पत्र्याच्या दुकानदाराला गोठ्यावरचे पत्रे परत घेतो का विचारायला. चार पावलं जाऊन मागे वळले.

“वयनी, तू आधी पोचतलस. काकीक सांग त्या केळेवाल्याक सही देव नको म्हणान. पैसे भरले म्हणान सांग.” चलनाची घडी घालून खिशात ठेवली, खिशावर हात ठेवला आणि म्हणाले, “पुरे भरले म्हणान सांग.”